हसरा तळ, रडका तळ: मल्टीबीमचे काठ वळतात तेव्हा

फोन येतो तेव्हा वाक्य ठरलेलं असतं. "तळ सपाट आहे, पण स्क्रीनवर दोन्ही काठ वर येतायत. सोनारचं हेड गेलं का?" आजवर या वाक्यामागे हेड, म्हणजे किरण सोडणारा पाण्यातला भाग, खरोखरच गेलेलं मी एकदाच पाहिलं आहे. बाकी प्रत्येक वेळी दोष पाण्यात होता, नाहीतर पाण्याची नोंद ठेवणाऱ्या माणसात. त्या माणसांत मीही आलो.

कोकणातल्या खाड्यांत लहान बोटीच्या बगलेला खांब बांधून, किंवा पाण्याखालच्या रोबोच्या पोटाला मल्टीबीम (पंख्यासारखे अनेक ध्वनिकिरण सोडून तळाची खोली मोजणारं सोनार) लावून ५ ते २५ मीटर खोलीत जे सर्वेक्षण करतात, त्यांच्यासाठी हे लिहितोय. खुल्या समुद्रात हाच दोष येतो, पण तिथे तो सावकाश येतो. खाडीत तासाभरात चित्र पालटतं.

आधी लक्षणं नीट ओळखा

आडव्या छेदात दोन्ही काठ सारखेच वर वळलेले दिसले तर तो हसरा तळ. दोन्ही काठ खाली झुकलेले असतील तर रडका. शेजारशेजारच्या लाइन (बोटीच्या मोजणीच्या फेऱ्या) जोडल्या की प्रत्येक जोडावर एक उंचवटा, किंवा प्रत्येक जोडावर एक चर दिसते. अख्खा नकाशा नांगरलेल्या शेतासारखा, आणि सरी बोटीच्या वाटेला समांतर. आपला विषय हाच दोष.

त्याच्यासारखे दिसणारे पण वेगळे दोष असे:

- एक काठ वर, दुसरा खाली: हा रोलचा, म्हणजे डावी-उजवीकडे कलण्याचा, कोन चुकलाय. इथे एक फसगत होते. लाइन आलटून पालटून उलट दिशांनी मारल्या असतील तर एका जोडावर उंचवटा आणि पुढच्या जोडावर चर अशी रांग दिसते, आणि घाईत तीही नांगरटच वाटते. प्रत्येक जोडावर सारखंच घडतंय की एकाआड एक, ते मोजा.
- फक्त मधोमध अरुंद खाच, काठ मात्र सरळ: मऊ चिखलात सरळ खाली जाणारे किरण आत शिरतात, तिरपे वरच्यावर परततात. ध्वनिवेगाशी याचा संबंध नाही.
- बोटीच्या वाटेला आडव्या लाटा: हीव्ह (बोटीचं वरखाली होणं), हालचालीचा सेन्सर किंवा वेळेतला फरक.
- अख्खी लाइनच वर किंवा खाली: भरतीची नोंद, नाहीतर बोटीत माणसं आणि डिझेल वाढून बदललेली बूड.

यातलं काही असेल तर खालचे बरेच उपाय तुमच्या कामाचे नाहीत. थेट खांब आणि पॅच टेस्टच्या (सोनार बसवल्याचे कोन तपासायच्या चाचणीच्या) भागाकडे जा.

पाणी काठ कसे वळवतं

पेल्यातली पेन्सिल मोडल्यासारखी दिसते, तसाच सोनारचा तिरपा किरण पाण्याच्या थरांत वळतो. २८ अंश तापमानाच्या गोड्या पाण्यात ध्वनी सेकंदाला सुमारे १५०४ मीटर जातो, त्याच तापमानाच्या पूर्ण खाऱ्या समुद्रात सुमारे १५४१. खाडीत पावसानंतर गोडं पाणी हलकं म्हणून वर तरंगतं, खारं खाली राहतं. दोन-तीन मीटर जाडीचं हे गोडं झाकणच आपला गुन्हेगार.

हिशोब करून बघा. हेडखाली १२ मीटर पाणी, त्यातलं वरचं ३ मीटर गोडं आणि खालचं ९ मीटर खारं. हेडजवळचा सेन्सर बरोबर १५०४ सांगतोय, पण प्रोफाइल, म्हणजे प्रोब (ध्वनिवेग मोजणारं यंत्र) खाली सोडून घेतलेली खोलीनुसार वेगाची नोंद, तुम्ही खाडीच्या तोंडाशी भरतीला घेतलेलं, म्हणजे सगळीकडे १५४१. मधला किरण तळ सुमारे ७ सेंटिमीटर खोल दाखवेल. हेडपाशी ६० अंशांनी निघालेला किरण सुमारे १७ सेंटिमीटर उथळ दाखवेल. मध्य आणि काठ यांत २४ सेंटिमीटरचं हसू. आंतरराष्ट्रीय जलसर्वेक्षण संघटनेच्या एस-४४ मानकातल्या स्पेशल ऑर्डर या कडक दर्जाला १२ मीटरवर उभ्या मापात एकूण चूक साधारण २७ सेंटिमीटरच चालते. भरती, बूड, हालचाल या सगळ्यांना मिळून जी सूट आहे, तिचा मोठा वाटा एकट्या झाकणाने खाल्ला.

यातून दोन गोष्टी लक्षात ठेवा. प्रोफाइलमधला वेग खऱ्यापेक्षा जास्त असेल तर तळ हसतो. कमी असेल तर रडतो. भरतीला प्रोफाइल घेऊन ओहोटीत काम केलं तर हसू, ओहोटीला घेऊन भरतीत केलं तर रडू. आणि ४५ अंशाच्या आसपासच्या किरणांची खोली या चुकीने जवळजवळ हलत नाही, कारण अंतरातली वाढ आणि वळण्यामुळे होणारी घट तिथे एकमेकांना खातात. ही जागा पुढे उपयोगी पडते.

फुकटची पहिली तपासणी: बोट वळवा

खाडीची वाट मुळातच परातीसारखी असते. दोन्ही काठ वर येणं खरंही असू शकतं. म्हणून आधी मारलेल्या लाइनींना काटकोनात एक आडवी लाइन मारा. बोटीबरोबर हसूही वळलं तर ते पाण्याचं. जागच्या जागी राहिलं तर तळाचं. दहा मिनिटांचं डिझेल लागतं. ही लाइन न मारता दोन दिवस आकडे "दुरुस्त" करत बसलेले लोक मला माहीत आहेत, आणि त्यांनी खरा उतार पुसून टाकला होता.

दुसरी, तीही फुकट: कोणतं प्रोफाइल लागलंय ते पाहा

सॉफ्टवेअर उघडून त्या लाइनला नेमकी कोणती फाइल लावली आहे ते बघा. "आजचीच आहे" हे तोंडी उत्तर चालणार नाही.

माझी स्वतःची चूक सांगतो. सोनारची घड्याळं जागतिक वेळेवर होती, प्रोफाइल उतरवणारा लॅपटॉप भारतीय वेळेवर. सॉफ्टवेअरला सांगितलं होतं की वेळेने जवळचं प्रोफाइल घे. त्याने इमानाने घेतलं, साडेपाच तास चुकीचं. भरती आणि ओहोटी यांत सव्वासहा तासांच्या आसपास अंतर असतं, तेव्हा साडेपाच तासांची चूक म्हणजे जवळजवळ भरतीच्या पाण्याला ओहोटीचा हिशोब. दिवसभराचा तळ रडत होता. दोष सापडेपर्यंत आम्ही खांब दोनदा काढून बसवला.

फाइल बरोबर असेल तर तिच्यात डोकावा. सगळ्यात वरच्या ओळीत हवेतला आकडा राहिलाय का? प्रोब चिखलात रुतल्यावरचे खालचे आकडे तसेच आहेत का? फाइल ८ मीटरवर संपतेय आणि तळ १४ वर आहे का? तसं असेल तर उरलेले ६ मीटर सॉफ्टवेअरने अंदाजाने भरलेत. आणि फाइल लहान करताना "गुळगुळीत" करायचा पर्याय चालू असेल तर तो बंद करा. दोन मीटरचं झाकण सरासरीत विरून जातं.

तिसरी: बादली

हेडजवळच्या ध्वनिवेग सेन्सरवर शेवाळ, चिखल, कधी बारीक कालवं बसतात. खाडीत आठवड्याभरात सुद्धा. हा सेन्सर महत्त्वाचा अशासाठी की सपाट तोंडाचं हेड किरण कोणत्या कोनात निघाला हे याच आकड्यावरून ठरवतं. तो चुकला तर किरण पहिल्या पावलालाच वाट चुकला.

चालू कामात त्याचा आकडा आणि प्रोफाइलमधला त्याच खोलीचा आकडा शेजारी ठेवा. फरक सेकंदाला २ मीटरहून जास्त दिसला तर दोनच शक्यता: पाणी बदललं, किंवा दोन यंत्रांपैकी एक खोटं बोलतंय. निवाडा बादलीत होतो. नळाचं पाणी भरा, सावलीत ठेवा, दोन्ही प्रोब बुडवून पाच मिनिटं थांबा, मधूनमधून ढवळा, बुडबुडे झटका. दोघांनी जवळजवळ एकच आकडा दिला पाहिजे. साधा थर्मामीटरही टाका: २८ अंशाला १५०४, ३० अंशाला १५०९ च्या आसपास. उन्हात ठेवलेली बादली अंशाला साधारण अडीच मीटरने आकडा चढवते, मग यंत्राला शिव्या बसतात.

मऊ ब्रश आणि गोडं पाणी एवढ्यानेच साफ करा. स्क्रू ड्रायव्हरने कालवं खरवडू नका.

चौथी: नवीन कास्ट, पण योग्य जागी आणि योग्य वेळी

एक कास्ट, म्हणजे प्रोब तळापर्यंत सोडून नवं प्रोफाइल घेणं, पाच मिनिटांचं काम, तरी सगळ्यात जास्त कंजुषी इथेच. सकाळी जेट्टीवर एक, जेवणानंतर एक, झालं. समुद्रात हे चालून जाईल, खाडीत नाही.

दाभोळची खाडी हे माझं आवडतं उदाहरण. लोक म्हणतात पाऊस संपला, आता गोड्या पाण्याचा प्रश्न नाही. पण वाशिष्ठीला कोयनेचं पाणी येतं. घाटमाथ्यावरचं पाणी बोगद्यांतून पोफळी-अलोऱ्याच्या वीजघरांतून उतरतं आणि पूर्वेला कृष्णेकडे जायचं ते पश्चिमेला अरबी समुद्राकडे निघतं. कृष्णा पाणी तंटा लवादाने या वळवण्याला वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा घातली. म्हणजे भर एप्रिलमध्येही या खाडीत गोडं पाणी उतरत असतं, आणि तेही एकसारखं नाही. जलविद्युत संच विजेची मागणी चढते तेव्हा जोरात चालतात. महाराष्ट्राने संध्याकाळी दिवे लावले की काही तासांनी आपलं झाकण जाड होणार, असं समजून चालायचं. पंचांगातली भरती बघून हे कळत नाही.

तांडेलाला मात्र कळतं. एकदा मी प्रोब बाहेर काढायचा कंटाळा करत होतो, तेव्हा आमच्या तांडेलाने हात बुडवून बोट जिभेला लावलं आणि म्हणाला, "मचूळ लागतंय साहेब." कास्ट घेतली. सकाळच्या आणि त्या आकड्यात वरच्या दोन मीटरला सेकंदाला २० मीटरहून जास्त फरक होता. तेव्हापासून बोटीवर चढल्यावर मीही चव घेतो. (शहरांजवळच्या खाड्यांत हे करू नका.)

माझा नियम असा: कामाच्या पट्ट्याच्या वरच्या, मधल्या आणि तोंडाकडच्या भागात वेगवेगळी कास्ट. भरती-ओहोटी पालटताना प्रत्येक वेळी एक. आणि हेडजवळचा आकडा प्रोफाइलपासून २ मीटर सरकला की घड्याळ न बघता एक. प्रोब पृष्ठभागाखाली मिनिटभर धरून ठेवा, कारण डेकवर उन्हाने तो तापलेला असतो. मग वरचे चार मीटर अगदी हळू सोडा, सेकंदाला अर्धा मीटर फार झालं. सगळा खेळ त्या चार मीटरमध्ये आहे.

पाचवी: कामाची पद्धत बदला

कास्ट वाढवूनही काठ ऐकत नसतील तर पंखा, म्हणजे किरणांचा पसारा, आवळा. दोन्ही बाजूंना ६५ अंशांऐवजी ४५ वर आणा. वर सांगितलं तसं, त्या कोनापाशी चूक सर्वांत कमी. हेडखाली १२ मीटर पाण्यात पट्टा ५१ मीटरवरून २४ वर येतो, म्हणजे लाइन दुपटीहून जास्त आणि डिझेलही. साहेब लोकांना हे आवडत नाही. पण परत येऊन सगळं पुन्हा मोजण्यापेक्षा स्वस्त पडतं.

दिवस निवडणं हाही उपाय आहे. भांगाच्या दिवसांत, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक कमी असतो तेव्हा, ओढ कमी, पाणी ढवळत नाही. झाकण स्पष्ट असतं पण बरंच स्थिर, म्हणून चांगलं प्रोफाइल जास्त वेळ टिकतं. उधाणात पाणी घुसळून निघतं, थर पुसट होतात, पण तासातासाला बदलतात. मला भांग पसंत. बोटही खांबाला कमी ओढते.

सहावी: खांब, बोल्ट आणि पॅच टेस्ट

इथून हात मळतात. खांबाचा वरचा बोल्ट हलतोय का ते बोट चालू असताना हात लावून बघा. नुसतं उभ्या बोटीवर बघून कळत नाही. ६० अंशाच्या किरणाला २० मीटर खोलीवर रोलमधली ०.१ अंशाची चूक ६ सेंटिमीटर देते, १ अंश म्हणजे ६० सेंटिमीटर. सैल बोल्टला एक अंश म्हणजे काहीच नाही.

मग पॅच टेस्ट. रोलसाठी सपाट तळावर एकच लाइन उलटसुलट. पिचसाठी (पुढे-मागे कलण्याच्या कोनासाठी) उतारावर तीच लाइन उलटसुलट, वेग सारखा. वेळेच्या फरकासाठी उतारावर एकाच दिशेने दोन वेगांनी. होकायंत्राच्या कोनासाठी एखाद्या उठावाच्या दोन बाजूंनी समांतर लाइन. एक अट विसरू नका: पॅच टेस्ट चुकीच्या प्रोफाइलवर केली तर पाण्याचा दोष कोनांत मुरतो आणि पुढची प्रत्येक लाइन बिघडते. म्हणूनच ती इतक्या खाली ठेवली आहे. काठ वळले की आधी पॅच टेस्ट करणारे लोक दुखणं गुडघ्याचं आणि चष्मा बदलणारे.

सातवी: रोबो खाली पाठवा

झाकणाखालीच सोनार नेलं तर झाकणाचा प्रश्न मिटतो. तळापासून ५ मीटरवर चालणाऱ्या आरओव्हीच्या (तारेने जोडलेल्या रोबोच्या) मल्टीबीमला वरचं गोडं पाणी भेटतच नाही. काठ सरळ येतात, बारीक तपशीलही दिसतो. पण रोबो तोच दोष दुसऱ्या दाराने आत आणतो, आणि तेव्हा तो हसत नाही म्हणून लक्षातच येत नाही.

रोबोची खोली दाबावरून मोजतात. सॉफ्टवेअरमध्ये घनता समुद्राची आणि पाणी पूर्ण गोडं असेल तर १० मीटरला सुमारे २५ सेंटिमीटरची चूक. वर ३ मीटरच गोडं असेल तर ७-८ सेंटिमीटर. हवेचा दाब १ हेक्टोपास्कलने बदलला की साधारण १ सेंटिमीटर. म्हणून रोज पाण्यात सोडण्याआधी डेकवर शून्य करा, आणि घनता प्रोफाइलवरून भरा.

तळावरून वेग मोजणाऱ्या डॉप्लर यंत्रात क्षारता समुद्राची, म्हणजे हजारी ३५, ठोकून ठेवलेली असते. रोबो खाडीच्या वरच्या, गोड्या भागात नेला तर ध्वनिवेग सुमारे अडीच टक्के चुकतो, आणि नेहमीच्या चार तबकड्यांच्या यंत्रात वेगही तेवढाच चुकतो. किलोमीटरभर चाललं की जागा चोवीस-पंचवीस मीटर सरकते. तळ सुंदर दिसतो, फक्त तो तिथे नसतो.

ओढ जास्त असेल तर तार प्रोपेलरमध्ये जाते. उधाणाच्या मधल्या तासांत रोबो सोडू नका, इतकंच सांगतो.

सॉफ्टवेअरमधली दुरुस्ती

बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये काठ ओढून सरळ करायची सोय असते. आडवी लाइन साक्षीला असेल, ४५ अंशाच्या खोल्या जागच्या हलत नसतील आणि दुरुस्ती काही सेंटिमीटरची असेल तर मी ती वापरतो आणि अहवालात लिहितो. नुसतं चित्र छान दिसावं म्हणून कधीच नाही. किलोमीटरभर लांब आणि १०० मीटर रुंद वाटेत १० सेंटिमीटर म्हणजे १०,००० घनमीटर गाळ, आणि गाळाचे पैसे घनमीटरवर मिळतात.

इथे थांबा

बादलीत दोन प्रोब जुळत नसतील आणि साफ करूनही फरक राहत असेल तर तो निर्मात्याकडे कॅलिब्रेशनला पाठवा. घरी आकडा "जमवून" घेऊ नका. हेडच्या कनेक्टरमध्ये हिरवट गंज किंवा ओल दिसली तर वीज तोडा, फोटो काढा आणि सेवा अभियंत्याला बोलवा. वाळवून पुन्हा चालू करायचा मोह हेड जाळतो. मी पाहिलेलं ते एकमेव गेलेलं हेड असंच गेलं होतं. रोबोच्या तारेचं आवरण फाटलं असेल तर चिकटपट्टी लावून पाण्यात टाकू नका. कित्येक रोबोंना तारेतून शेकडो व्होल्ट जातात, आणि डेकवर माणसं ओली उभी असतात.

पॅच टेस्ट तीनदा करून रोलचा आकडा दर वेळी वेगळा येत असेल तर खांब, बोट किंवा हालचालीचा सेन्सर यांपैकी काहीतरी हलतंय, आणि ते शोधायला मोजमापाची साधनं घेऊन माणूसच यावा लागतो. काम गाळाच्या बिलासाठी, जहाजांच्या वाटेसाठी किंवा अपघाताच्या चौकशीसाठी असेल तर दोष सापडला तरी सही पात्र जलसर्वेक्षकाचीच घ्या. अधिकृत नौकानयन नकाशे देहरादूनच्या राष्ट्रीय जलसर्वेक्षण कार्यालयाचे. आपल्या फाइलीवरून जहाज चालवायला कुणाला देऊ नका.

बोलावलेल्या माणसाला आधी कच्च्या फाइली, सगळी प्रोफाइलं वेळेसकट, आडवी लाइन आणि घड्याळं कोणत्या वेळेवर आहेत ते पाठवा. बोटीवरच्या मापांचा कागद असेल तर त्याचा फोटो काढा, टाइप करून पाठवू नका. डावी-उजवीचं अधिक-उणे चिन्ह टाइप करतानाच उलटं होतं.